बोंबलाच्या गठ्ठ्यातली वस्तू

सुक्या बोंबलाचा खारट, उन्हात मुरलेला वास, आणि त्याच्या तळाशी मशीनच्या तेलाची एक बारीक धार. हा वास आमच्या फाटकावरून गेला की मी समजत असे, निवडणूक लागली आणि दामूकाका पोलीस ठाण्याकडे निघाले.

दामूकाका आमचे डहाणूचे शेजारी. गळ्यात तुळशीची माळ. मासळीचे नुसते नाव निघाले तरी तुळशीपत्र तोंडात टाकणारे. तरीही प्रत्येक निवडणुकीआधी ते धाकटी डहाणूच्या कमळीमावशीकडून बोंबील घेत.

"दामूशेठ, खात नाय नि एवढं नेता! घरात मांजरं किती हायत?" ती विचारी.

काका नाकाला रुमाल लावून म्हणत, "भिंतीला कान असतात मावशी, आणि कानाला मोबाईल."

बोंबलांच्या आत चटई आणि चटईच्या आत वडिलांच्या वेळची दुनळी बंदूक. सायवनच्या शेतात रानडुकरे उतरत, म्हणून पीक राखण्यासाठी मिळालेला परवाना. निवडणुकीच्या काळात ती ठाण्यात जमा करावी लागे, आणि आपल्या घरात बंदूक आहे हे कोणाला कळू नये म्हणून काकांनी तिला हा वास पांघरवला होता. तिने आजवर एकही डुक्कर मारले नव्हते. काका आकाशाकडे बार काढत. पुढे पुढे तर डुकरे मान वर करायचेही विसरली.

'बंदूक' हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. 'ती वस्तू' म्हणत. मला गुपित कळले ते वासावरून. "कविता करतेस ना बाय?" काका तेव्हा म्हणाले होते, "मग कुठे गप्प बसायचं ते तुला कळत असेल."

यंदा चैत्रात आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक यादी येऊन पडली. बंदुकीच्या परवानाधारकांची नावे, पत्ते, फोन. कुठून फुटली, देव जाणे. नववे नाव काकांचे. खाली कोणीतरी लिहिले होते, 'काका, तुम्ही तर डेंजर निघालात!'

दुपारी अनोळखी फोन आला, "विकायची आहे का?" संध्याकाळपर्यंत आणखी दोन. काकांनी फोन बंद केला, फाटकाला साखळी लावली, साखळीला बैलाची घंटा बांधली. घंटा वाऱ्यानेही वाजे, आणि भिंतीअलीकडे माझ्याही हातातला कप ओठांशी थबके.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत परवान्याच्या कचेरीत गेले. काका म्हणाले, "साहेब, परवाना सरकारने मला दिला. माझा पत्ता चोरांना कोणी दिला?"

कारकून भला होता. "अर्ज द्या काका, चौकशी होईल. पण फोनाफोनांत गेलेली यादी पुसायची कशी?"

खरा घाव वडोदऱ्याहून आला. काकांचा फोन बंद, म्हणून त्यांच्या लेकीने, वैशालीने, मला केला. यादी तिच्यापर्यंत पोहोचली होती. सहा वर्षांपूर्वी नात चिऊ जन्मली तेव्हा काकांनी वैशालीला सांगितले होते, ती वस्तू सरकारला परत केली. मी फोन काकांच्या कानाला लावला.

"बाबा, तुम्ही खोटं बोललात. सुट्टीत चिऊ येणार नाही."

काका माळेचा एकच मणी फिरवीत राहिले.

"का ठेवलीत, काका?" मी विचारले.

"तुझी काकू गेली, आणि घरात मी एकटा. कपाटात ती आहे म्हटलं, की घरात आणखी कोणी आहे असं वाटायचं."

सकाळी घंटा वाजली. काका फाटकात उभे होते. खांद्यावर उघडी बंदूक. चटई नाही, बोंबील नाहीत.

"चल बाय. ज्यांनी यादी वाचली, त्यांना ती जाताना दिसू दे."

गल्लीतल्या खिडक्या एकेक उघडल्या. कमळीमावशीने डोक्यावरची पाटी उतरवली. "अगो बाय! म्हंजे मांजर ते ह्ये!"

ठाण्यातले हवालदार खुर्चीवरून अर्धवट उठले. "काका, झाकून तरी आणायची!"

"इतकी वर्षं झाकूनच आणत होतो."

बंदूक कायमची दिली, परवानाही परत केला. मिळालेली पावती काकांनी माझ्या ओसरीवर गुडघ्यावर ठेवून सरळ केली, आणि मला तिचा फोटो काढून वैशालीला पाठवायला सांगितले. त्यांच्या बोटांना अजून तेलाचा वास होता. फोटो गेला. फोटोखाली एक टिक उमटली, मग दुसरी, दोन्ही करड्याच, निळ्या नाहीत. काका माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. बराच वेळ गेला.

"वाचलं?"