बिल निघतं का?

तुम्हाला कधी शेजारणीच्या खोकल्याचा हेवा वाटलाय का? मला वाटायचा.

आम्ही तेव्हा भोकरदनला राहायचो. दुष्काळ नुकताच सरला होता. धान्य जरा उतरलं, पण औषधं चढतच होती. शेजारच्या गिरिजाबाईंचे मालक तहसील कचेरीत कारकून, म्हणून त्यांचा दवाखान्याचा सगळा खर्च सरकारकडून परत मिळायचा. त्या खोकल्या की घरात टॉनिक यायचं. रिकाम्या बाटल्या त्या खिडकीत मांडायच्या, लेबल आमच्या दाराकडे करून. आमचे हे शेठजींच्या अडतीवर मुनीम. मी खोकले की हे म्हणायचे, "पाणी पी."

डॉक्टरांकडेही दोन रीती होत्या. कंपाउंडर चांदपाशा दारातच विचारायचा, "बिल निघतं का?" निघत असेल तर तपासण्या, इंजेक्शन, टॉनिक. नसेल तर पुड्या, आणि घरून नेलेल्या बाटलीत लाल औषध.

एकदा माझा खोकला काही केल्या थांबेना. पदराखाली बाटली घेऊन गेले, तर बाकावर गिरिजाबाई.

"बिल निघतं का?" चांदपाशानं सवयीनं विचारलं. (न्हाई निघत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.)

"अरे, त्यांचं कुठून निघंल?" गिरिजाबाई मायेनं म्हणाल्या. "पुड्या दे बिचारीला जल्दी."

त्या 'बिचारी'नं घात केला.

"निघतं की!" मी म्हणाले. "शेठजींनी सुरू केलंय, या महिन्यापासून."

"मंग बाहेर काऊन उभ्या? आत या ना!" चांदपाशा म्हणाला.

रक्त काढलं. दंडात सुई टोचली. मग डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा फार आहे, आणि मला खाटेवर निजवून सलाइनची बाटली टांगली. उठून खरं सांगावं, तर हात पट्टीनं बांधलेला आणि दारात गिरिजाबाई.

"आमच्या ह्यांची इतकी नोकरी झाली," त्या बाटलीकडे बघत म्हणाल्या, "पण मला सलाइन न्हाई लागलं कधी."

आवाजात चक्क हेवा होता! खरं सांगते, माझा खोकला तिथंच थांबला.

निरोप मिळाला तसे हे धावत आले. बिल पाहिलं, मी मारलेली थाप कानात ऐकली आणि माझ्याच खाटेवर बसले.

"शेठजी पास करतील? अगं, ते स्वतःच्या चहात दूध पास करत न्हाईत!"

"हळू बोला. त्या बाहेरच आहेत."

"मंग पैसे?"

"स्टोव्हसाठी साठवलेले आहेत ना डब्यात."

यांनी बिल घडी करून खिशात घातलं. "खोकला चुलीच्या धुराचा, अन् औषध स्टोव्हच्या पैशाचं. वा!"

"पण बिल आपण भरलं हे कुणाला कळता कामा नये. शपथ आहे माझी."

यांनी शपथ पाळली. गिरिजाबाईंनी मात्र संध्याकाळी देवळात जमलेल्या सगळ्या बायकांना शेठजींचा दिलदारपणा ऐकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात सडा टाकत होते, तेवढ्यात खुद्द शेठाणी आमच्या गल्लीत आल्या. डोळे लाल, रात्रभर झोप नसावी.

"मालन," त्या कडाडल्या, "मला ताप आला तर आमचे शेठ पुडीसुद्धा अर्धी करून देतात. तुझं सलाइन त्यांनी काऊन पास केलं?"

भराभर दारं उघडली. गिरिजाबाई तोंड धुवायच्या थांबल्या. मी बादली खाली ठेवली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं, की बिल आम्हीच भरलं.