प्रमिलाताईंची माहेरची गाडी

प्रमिलाताई बोलणं संपवत नाहीत, लाइन सोडतात. जिन्यात भेटल्या, पाणी कधी येणार याची चौकशी झाली, की "बरं, लाइन सोडते" म्हणतात आणि उतरू लागतात. गप्पा मारताना गॅसवरचं दूध आठवलं तर हात वर करून "होल्ड करा" म्हणतात, आत जातात, दूध उतरवतात आणि परत येऊन बरोब्बर त्याच शब्दापासून पुढे सुरू होतात. आपण तोवर दारात उभे. हलायची कोणाची टाप नसते. आमच्या सोसायटीच्या सभेत एकदा दोन सभासद एकाच वेळी ओरडत होते, तेव्हा ताईंनी मागच्या खुर्चीवरून शांतपणे सांगितलं की लाइन क्रॉस झाली आहे, एकेकाने बोलावं. दोघंही गप्प बसले.

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली, सुरुवातीची बरीच वर्षं ट्रंक कॉल जोडण्यात. त्या मूळच्या उरणच्या मोरा बंदराजवळच्या गावातल्या, आता पनवेलशेजारच्या करंजाड्यात आमच्या वरच्या मजल्यावर एकट्याच राहतात. लग्न केलं नाही. अशा या बाईंनी साठी उलटल्यावर दारात एक जुनाट पिकअप आणून उभा केला, तेव्हा सोसायटीत खळबळ उडाली.

कोणीतरी उरणहून तो चालवत आणला आणि गेटच्या आत सोडून गेला. निळा रंग जागोजागी उडालेला, हौद्यात कोंबड्यांची पिसं, टपावर ताडपत्रीचे पट्टे. ताईंनी मला खाली बोलावलं आणि ओळख करून द्यावी तसं सांगितलं, "माहेरची आहे." बायकांना माहेरहून साडी मिळते, यांना पिकअप मिळाला, एवढंच मला कळलं. तो कशासाठी हवा, हे काही त्या सांगेनात. कामाला येईल, म्हणाल्या.

गाडी चालवायला त्या निवृत्तीनंतर शिकल्या होत्या. परवाना होता, हिंमतही होती. पण क्लासची गाडी वेगळी आणि हा पिकअप वेगळा. पार्किंगमध्ये वळवायला म्हणून त्या बसल्या आणि स्टिअरिंग जागचं हलेना. त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं, मग सीटवरून उठून अख्खं अंग त्यावर टाकलं. चाक जरासं वळलं आणि गाडी गेटमध्ये आडवी झाली. आत ऑफिसला निघालेल्यांच्या मोटारी, बाहेर दूधवाला. पुरुषमंडळी जमली आणि प्रत्येकाने सल्ला दिला. आमचे सेक्रेटरी तर म्हणाले की ही गाडी बाईमाणसाची नाहीच, भंगारात द्या. शेवटी चौघांनी मिळून ती बाजूला घेतली. ताई खाली उतरल्या, घाम पुसला आणि सेक्रेटरींना म्हणाल्या, "तुमचा निरोप मिळाला. आता लाइन सोडा."

दुसऱ्या दिवशी एका ड्रायव्हरच्या हाती गाडी देऊन त्या मला घेऊन सलीमभाईंच्या गॅरेजमध्ये गेल्या. सलीमभाई पनवेलचे जुने मेकॅनिक, स्वभावाने गोड, पण खोटी आशा न लावणारे. त्यांनी गाडीखाली डोकं घातलं, एक चक्कर मारून आणली आणि ताईंना समजावलं की स्टिअरिंग जुन्या पद्धतीचं आहे, सगळा जोर खांद्याचा. ब्रेक त्याहून वाईट. करंजाड्यात दाबला तर पनवेलात लागतो, आणि लागतो तेव्हा गाडी डावीकडे पळते. म्हणाले, "आपा, इतक्या मेहनतीत दुसरी गाडी येईल. हिच्यातच काय आहे?"

 हिलाच पॉवर स्टिअरिंग बसेल का आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लागतील का, एवढंच ताईंनी विचारलं. याच कंपनीच्या पुढच्या मॉडेलचं सामान मिळालं तर बसेल, पण ते मिळणार कुठे, असं सलीमभाई म्हणाले. त्यावर ताईंच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मी कधी पाहिला नव्हता. न लागणारा नंबर लावून देणं हे तर त्यांचं आयुष्यभराचं काम.

आधी त्या परिवहन कार्यालयात गेल्या, कारण परवानगीशिवाय त्या कपड्यांची दोरीही बांधत नाहीत. असा बदल करू का, असं आधी विचारायला आलेलं माणूस तिथल्या साहेबांनी बहुधा प्रथमच पाहिलं असावं. त्यांनी ताईंना चहा पाजला. परवानगी हातात आल्यावर ताई घरात फोन घेऊन बसल्या. पनवेलच्या भंगारवाल्याने तळोज्याचा माणूस सांगितला, तळोज्याने चाकणचा, चाकणने कोल्हापूरचा. आवाज तोच, खात्यातला. "नमस्कार, पनवेलहून बोलतेय. कृपया लाइनवर राहा." त्या आवाजापुढे भंगारवालेसुद्धा सावरून बसत असावेत, कारण एकानेही फोन आपटला नाही. कोल्हापूरच्या माणसाने तर गोदामातून सामान शोधून आणेपर्यंत त्यांना खरोखर होल्डवर ठेवलं, आणि त्या कानाला फोन लावून भाजी निवडत बसल्या.

सामान आलं आणि काम सुरू झालं. ताई घरची खुर्ची घेऊन रोज गॅरेजमध्ये हजर. स्टिअरिंगचा नवा बॉक्स बसला, तेलाचा पंप इंजिनच्या पट्ट्यावर जोडला गेला, पुढचे जुने ड्रम निघाले आणि त्यांच्या जागी चकचकीत डिस्क आल्या. पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही लागला. प्रत्येक वस्तू कुणाला काय सांगते, हे त्या विचारून घेत. पेडल बूस्टरला सांगतं, बूस्टर तेलाला, तेल चाकाला, असं सलीमभाईंनी समजावलं तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजच की."

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना एक माणूस गाडीखाली लागतो आणि एक पेडलवर. पेडलवर ताई बसल्या. खालून सलीमभाई ओरडले, "दबाओ... होल्ड." वरून उत्तर आलं, "होल्ड करतेय." अख्खं गॅरेज हसलं, ताई सोडून. त्यांच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

चाचणीला रिकामा रस्ता गाठला. सलीमभाई शेजारी, मी हौद्यात दांडी धरून. ताईंनी वेग घेतला आणि कचकन ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, नाक सरळ समोर. डावीकडे एक वीतभरही गेली नाही. सलीमभाईंनी खाली उतरून रस्त्यावरच्या टायरच्या खुणा पाहिल्या, दोन्ही सारख्या. "माशाल्ला," ते हळूच म्हणाले. ताईंचं तेवढ्यावर भागलं नाही. ब्रेक सारखे लागतात ही खात्री पटेपर्यंत त्यांनी तो प्रकार पुन्हा पुन्हा केला. हौद्यात माझे गुडघे सोलवटून निघाले.

संध्याकाळी सोसायटीत शिरताना मंडळी गेटपाशीच होती. ताईंनी अरुंद जागेत गाडी मागे घेतली, पुढे घेतली आणि एका हाताने स्टिअरिंग गरागरा फिरवत भिंत आणि सेक्रेटरींची मोटार यांच्या मधोमध नेऊन उभी केली. टाळ्या कोणी सुरू केल्या माहीत नाही, पण वाजवणाऱ्यांत सेक्रेटरीही होते. पुढच्याच आठवड्यात त्यांनी आपलं कपाट हलवायला ताईंना विनंती केली, आणि ताईंनी ते नेऊनही दिलं.

मला वाटलं, गोष्ट इथे संपली. पण रविवारी सकाळी ताई इस्त्रीची साडी नेसून दारात आल्या. उरणकडे जायचंय, चला, म्हणाल्या. मी का, असं विचारल्यावर म्हणाल्या की सोबत कोणीतरी असलेलं बरं. एवढा हळू आवाज मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला.

द्रोणागिरीपाशी कंटेनरांच्या ट्रेलरच्या गर्दीतून त्यांनी गाडी सहज काढली. वाटेत त्या आपणहून बोलल्या. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची, दामूदादाची. बंदरातली मासळी नि बर्फ वाहण्यात त्याचा जन्म गेला. नोकरीच्या सुरुवातीला ताईंची ड्यूटी पहाटेची असे, तेव्हा बर्फाशेजारी बसवून तो त्यांना पनवेलला सोडत असे. ती गाडी वेगळी, ही त्यानंतरची. मग त्याचे हात थरथरू लागले आणि डॉक्टरांनी चालवणं बंद केलं. तेव्हापासून तो ओटीवरून उठत नव्हता. रिक्षा नको, पुतण्यांच्या मोटारी नकोत. दुसऱ्याच्या गाडीत मी बसत नाय, एवढंच म्हणायचा.

गाडी अंगणात उभी राहिली तेव्हा दामूदादा ओटीवरच होता. इंजिनाचा आवाज ओळखून त्याने मान वर केली, ताईंना चालकाच्या जागेवर पाहिलं आणि मान वळवली. ताई इंजिन चालू ठेवूनच खाली उतरल्या. खात्यातला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

"दादा, चल. बंदरावर जाव."

"मी बसत नाय."

"ही दुसऱ्याची नाय. गारी तुजीच हाय. हात तेवढे माजे."

 दामूदादा उठला, गाडीपाशी आला आणि खिडकीतून हात आत घालून थरथरत्या बोटांनी स्टिअरिंगला ढकलल्यासारखं केलं. ते फिरलं. त्याने हात काढला, पुन्हा घातला, दुसऱ्या बाजूला फिरवून पाहिलं. मग वाकून चाकातली डिस्क निरखली. तो घरात गेला आणि बाहेर आला तो धुतलेला सदरा घालून.

मी मध्ये, गिअरच्या दांड्याला गुडघे चुकवत. तो खिडकीशी. बंदराच्या रस्त्याला प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय खालचा पत्रा दाबत होता, जणू ब्रेक तिथेच आहे. ताईंना ते दिसत होतं, पण त्या समोर बघत राहिल्या. उतारावर एकाएकी वासरू आडवं आलं. दामूदादाचा पाय पत्र्यावर आपटला आणि त्याच क्षणी ताईंनी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. वासरू आमच्याकडे बघत निवांत पलीकडे गेलं.

 ताईंचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते. दामूदादाने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. मग वाकून चपला काढल्या, पाय वर घेतले, सीटवर मांडी घालून बसला आणि खिडकीबाहेर खाडीकडे बघू लागला.

"घे पुढं," तो म्हणाला. "घाई नाय."