स्वयंपाकघर बंद, रोडगे चालू

चिखलीत आमच्या गल्लीत राहणारे श्री. राजकुमार, तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयातील वरिष्ठ सहायक, यांच्या शर्टाच्या खिशात एका सोमवारी भिजवलेली मटकी सापडली. त्या वेळी शर्ट त्यांच्या अंगात होता आणि समोर साहेब होते. चौकशीअंती असे निष्पन्न झाले की, सदर मटकी त्यांचे चिरंजीव ढब्बू, वय वर्षे तीन, यांनी 'बाबाचा डबा' म्हणून भरली होती.

दुसऱ्या एखाद्या बापाने पोराचा मुका घेतला असता. राजकुमारांनी बैठक बोलावली.

"या घरात स्वयंपाकघरावर कोणाचंच नियंत्रण राह्यलं नाई," ते म्हणाले.

"मंग तुम्ही ठेवा. मी पोळ्या करून राह्यली," त्यांची बायको सुचिता तव्याकडे बघतच म्हणाली.

त्यांची पाच वर्षांची मंजुश्री तेव्हा ओट्यावर, पोळपाटाला खेटून बसली होती. ती तिची ठरलेली जागा. तव्यावरची पहिली पोळी गूळ-तूप लावून, गुंडाळून तिला मिळायची आणि ती खाता खाता शाळेतलं सगळं ती आईला सांगायची. सुचिताला अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ आपला वाटायचा. तसं तिनं माझ्या बायकोला सरळ बोलूनही दाखवलं होतं. वाचकहो, ध्यानात ठेवा, पुढचा सगळा तमाशा या एवढ्याशा जागेपायी आहे.

राजकुमारांनी मोबाईलवर एका बाईचं स्वयंपाकघर पाहिलं. एका मापाच्या काचेच्या बरण्या, त्यांवर इंग्रजी चिठ्ठ्या, आणि खाणारं माणूस औषधालाही नाही. "याले म्हंतात स्वयंपाकघर!" ते उद्गारले. रविवारी खामगावहून बरण्यांची खोकी आली. बिस्किटांच्या डब्यातली हळद, तुपाच्या डब्यातला साबुदाणा, मिठाईच्या डब्यातल्या लवंगा, सगळ्यांच्या बदल्या झाल्या. जुने डबे सेवानिवृत्त करून माळ्यावर पाठवण्यात आले.

पहिली तक्रार मातोश्री शालूबाईंची. जुन्या व्यवस्थेत त्यांचा हात डोळे मिटूनही हळदीवर पडायचा.

"काऊन बे राजू, यातली हयद कोणती अन् बेसन कोणतं? सारं पिवळंच दिसून राह्यलं."

"आई, त्याच्यावर लिहिलं हाय ना."

"मले इंग्रजी येत असतं तं मी तुह्या बापाच्या घरी भाकरी थापल्या असत्या का?"

त्या रात्री वरणात बेसन पडलं. ते खाऊन सर्वांनी प्रयोगाला शुभेच्छा दिल्या.

दुसरी अडचण अशी की, कारभार पारदर्शक झाला. गूळ कुठे ठेवलाय हे आजवर फक्त सुचिताला माहीत असायचं. आता काचेतून तो जनतेलाही दिसू लागला, आणि जनतेने स्टूल आणलं. राजकुमारांनी स्टूल जप्त केलं. जनता ओट्यावर चढली. तेव्हा राजकुमारांनी तोंडी आदेश काढला की, यापुढे लहान मुलांनी ओट्यावर चढू वा बसू नये. हा आदेश तात्काळ अमलात येईल.

"मंग मी आईले शाळेतलं कुठून सांगू?" मंजुश्रीने रडत विचारलं.

"हॉलमधून सांग."

"तिथून आईले ऐकूच येत नाई ना, बाबा!"

सदर म्हणणे विचारार्थ ठेवण्यात आले. ते अजून तिथेच असेल.

पोरं हटली तरी पसारा हटेना. राजकुमारांनी एक दिवस रजा टाकून स्थळपाहणी केली. पोळ्या लाटताना पीठ सांडतं. फोडणीचं तेल भिंतीवर उडतं. दूध उतू जातं. अखेर ते एका महत्त्वाच्या निष्कर्षाप्रत आले: स्वयंपाकघरातील अव्यवस्थेचं मूळ कारण मुलं नसून स्वयंपाक आहे.

मुळावरच घाव घालायचा म्हणून स्वयंपाकघराला कुलूप लागलं. किल्ली कार्यालयाच्या ओळखपत्राच्या दोरीला गेली.

आता खायचं काय? शालूबाईंनी पदर खोचला, कोठीतल्या पोत्यांतलं पीठ-डाळ काढली आणि मागच्या अंगणात गोवऱ्या रचून रोडगे लावले. कणकेचे गोळे निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. शालूबाईंना त्यासाठी कुठल्याच बरणीची चिठ्ठी वाचावी लागत नव्हती. पण आमच्याकडे एकाच्या अंगणातून गोवऱ्यांचा धूर निघाला की, देवाचे रोडगे आहेत असं सगळी गल्ली समजते, आणि देवाच्या रोडग्यांना आमंत्रणाची वाट बघत बसलं तर देव रागावतो. संध्याकाळी आम्ही सगळे हजर.

"कशाचा नवस होता हो, राजकुमारभाऊ?" मी भाजी वाढून घेत विचारलं.

स्वयंपाकघर स्वच्छ राहावं म्हणून आम्ही मातीत बसून जेवतो, असं कोणता वरिष्ठ सहायक सांगेल? "घर नीट राहावं म्हणून," ते म्हणाले. देवानं ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रोडगे, पुन्हा आम्ही. तिसऱ्या दिवशी वरची आळीही आली. कोणीतरी नारळसुद्धा आणला.

जेवण झालं की स्वयंपाकघर दाखवण्यात येई. चपला बाहेर, हात मागे, भिंतीला टेकू नये. आतल्या बरण्या बघून बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघत.

"एवढाली पोरं असून एवढं चकाचक! कसं जमवता हो, वहिनी?" एका शेजाऱ्यानं विचारलं.

"काई नाई, भाऊजी," डोळ्यांतलं धुराचं पाणी पुसत सुचिता म्हणाली. "सैपाक करायचा नाई."

आम्ही खूप हसलो. बाई मोठी विनोदी आहे असं गल्लीत ठरलं.

ही कीर्ती साहेबांपर्यंत गेली. साहेब सपत्नीक पाहायला येणार म्हणताच राजकुमारांनी बरण्या पुन्हा पुसल्या. त्याच संध्याकाळी सुचिता अंगणात गोवऱ्या रचत होती. पोरांना विस्तवापासून लांब, पायरीवर बसवलेलं.

"मंजू, आज शाळेत काय झालं?"

"काई नाई."

"काल?"

"काईच नाई."

जी पोरगी बाकावरच्या मुंगीचीही बातमी आणायची, तिला आता काईच नाई! सुचिताने हातातली गोवरी टाकली, अंगणात पडलेला वरवंटा उचलला आणि स्वयंपाकघराच्या कुलपावर हाणला.

"अवो, काय करून राह्यली तू? साहेब अन् मॅडम येऊन राह्यले!" राजकुमार ओरडले.

"येऊ द्या. दोन पोळ्या जास्त लाटते. उठा, कणिक काढा."

"कणिक कोणत्या बरणीत हाय?"

"वाचा ना! तुमीच लिवलं ते."

साहेब आले तेव्हा गॅस पेटला होता, ओट्यावर पीठ सांडलं होतं, ढब्बू गुळाच्या बरणीत कोपरापर्यंत गेला होता आणि मंजुश्री पोळपाटाजवळ बसून तोंड भरून बोलत होती.

"आई, बाईनं मले फळ्यावर लिवाले बोलावलं होतं. साऱ्याइनं टाळ्या वाजवल्या."

"कवा गं?"

"कवाचंच. तुले सांगाचं राहून गेलं."

सुचिताने पिठाच्या हातांनीच तिला जवळ ओढलं. राजकुमारांनी पाहुण्यांकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि पुढची पोळी स्वतः उलटली. ती करपली.

साहेबांनी उभ्याउभ्या चार पोळ्या खाल्ल्या. मॅडमनी दोन. पण दाराबाहेर पडल्यावर मॅडम म्हणाल्या, "चवीला छानच हो, पण काय तो पसारा!" गल्लीनंही मान डोलावली. सगळ्यांत जोरात मी. आमचे रोडगे बंद झाले होते ना.

तुम्हालाही राजकुमारांचं हसू आलं असेल. येऊ द्या. मग जरा उठा आणि तुमच्या काचेच्या कपाटापुढे उभे राहा. आत कपबशांचा एक सेट आहे, तुमच्या लग्नात आलेला. पोरं हात लावायला गेली की तुम्ही दरवेळी ओरडलात, "ठेव तिथं, तो पाहुण्यांसाठी हाय!" पोरं आता पुण्याला असतात. सेटमधला एकही कप फुटलेला नाही. अभिनंदन. बरं, ते पाहुणे कधी यायचे म्हणतात?