चौथ्या मजल्यावरचा 'जैसे थे'

पंधरा वर्षं मी कंपन्यांचे तंटे लढतोय. निकाल लागायला वर्षं जातात, म्हणून तोवर समोरच्याने माल पळवू नये यासाठी कोर्टातून आधी 'जैसे थे'चा अंतरिम आदेश आणावा लागतो. त्या कामात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी छातीठोकपणे सांगायचो. आता सांगत नाही. दम उरलेला नाही. सात मजले चढून बघा, तुम्हीही सांगणार नाही.

झालं असं, की आमच्या सोसायटीचं लिफ्टच्या कंपनीशी बिनसलं. करारात स्पष्ट होतं, वाद झाला तर दोघांनी मिळून लवाद नेमायचा आणि तो सांगेल ते ऐकायचं. पण कंपनीने धमकी दिली की त्याआधीच मोटर काढून नेऊ. मीटिंगमध्ये सगळ्यांचे चेहरे उतरले. मी म्हटलं, "निर्धास्त राहा. उद्या आदेश आणतो!"

नवा मसुदा लिहायचा कंटाळा आला. लोखंडाच्या गोदामासाठी केलेला जुना काढला आणि 'गोदाम' खोडून 'लिफ्ट' घातलं. 'लवादाचा निर्णय होईपर्यंत लिफ्ट आज ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत राहावी, कोणीही तिच्या स्क्रूलासुद्धा हात लावू नये.' हा स्क्रू माझा स्वतःचा. न्यायाधीशबाई म्हणाल्या, इतकं कडक कशाला? मी हट्टाला पेटलो. तीन वाजता आदेश हातात!

घरी आलो तर लिफ्ट चौथ्या मजल्यावर दार उघडं टाकून बसलेली. ती दुपारी बारालाच, म्हणजे आदेशाच्या तीन तास आधी बंद पडली होती.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मेकॅनिक आला, पण त्याला वरून फोन आला की हात लावशील तर कोर्टाचा अवमान होईल. मी त्यांच्या वकिलाला संमतीसाठी गळ घातली. त्यांचा दुरुस्तीचा त्रास फुकटात वाचत होता, तो कशाला देतोय संमती! तुमचाच आदेश आहे साहेब, म्हणाला. आदेश बदलून घ्यायला अर्ज केला, तर तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. आणि गुरुवारी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, डोळ्यांनी धड दिसत नाही, आणि त्या डॉक्टरची वेळ चार महिन्यांनी मिळालेली.

आईला मी सांगितलं, पार्ट मिळत नाहीये.

गुरुवारी तिला खुर्चीत बसवून खाली न्यायला निघालो. मागून मी, पुढून तोच मेकॅनिक. कंपनी त्याला रोज हजेरीपुरता पाठवायची आणि तो जिन्यात बसून असायचा. चौथ्या मजल्यावर माझे हात गळाले, खुर्ची टेकवली. आईने त्याला विचारलं, नेमकं झालंय तरी काय?

"एक तार सुटलीय आजी. दहा मिनिटांचं काम आहे."

"मग करत का नाहीस?"

तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. "साहेबांनी कोर्टातून मनाई आणलीय."

आई त्यालाच म्हणाली, "उचल बाबा, अजून चार मजले आहेत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑपरेशन छान झालं. बाहेर आल्यावर आईने टॅक्सीवाल्याला ताईचा पत्ता सांगितला. ताई तळमजल्यावर राहते. मी चाचरत विचारलं, "आई, किती दिवस राहणार तिकडे?"

"तुझ्या त्या लवादाचा निकाल लागेपर्यंत."

मी टॅक्सीचं दार लावून घेतलं. लवाद म्हणून कोणाला नेमायचं यावरच आमचं अजून एकमत झालेलं नाही, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू?