ओले दगड, कोरडे दगड

एका जंगलात एक नदी होती, बाळांनो. जंगलात नदी असतेच, त्यात नवल नाही. नवल हे, की त्या नदीच्या काठावर राहणाऱ्या दोन पाणमांजरांना पोहता येत नव्हतं. ही त्यांची गोष्ट. म्हणजे खरं तर त्यांच्या आईची.

हाताची घडी घाला आणि ऐका. घातली? आता सोडा. हाताची घडी घालून मूल शिकत नाही, असं हल्ली म्हणतात.

तर आईचं नाव निर्झरा. बाबांचं नाव भिवा. मुलाचं नाव अथांग आणि मुलीचं लहर. नावं निर्झराने ठेवली होती आणि त्यावर पुष्कळ विचार केला होता. पाण्याचा तेवढाच काय तो संबंध पिल्लांशी आला.

त्या वस्तीची एक जुनी रीत होती. पिल्लू तुरुतुरु चालायला लागलं, की त्याला बुडीमास्तरांकडे न्यायचं. बुडीमास्तर म्हणजे वस्तीतलं सगळ्यात म्हातारं पाणमांजर. ते पिल्लाची मानगूट धरत, डोहाच्या कडेला नेत आणि सोडून देत.

"तोंड मीट, पाय मार," एवढाच त्यांचा अभ्यासक्रम.

पिल्लू रडे. गटांगळ्या खाई. मास्तर शेजारीच पोहत असत, बुडू मात्र देत नसत. संध्याकाळपर्यंत पिल्लाला पोहता येई आणि घरी गेल्यावर त्याला मासा मिळे. ह्याला 'बुडी' म्हणत.

ही रीत हौसेची नव्हती बरं का. पळस फुलला की गवत वाळतं. गवत वाळलं की लपायला जागा उरत नाही, आणि मग माळावरचे कोल्हे काठावर येतात. त्याच्या आत सगळी वस्ती डोह पोहून पलीकडच्या बेटावर जायची. डोहाला ओढ अशी, की पाठीवर पिल्लू घेऊन तो पार करणं भल्याभल्यांना जमत नसे. ज्याचं त्यानेच पोहायचं. ज्याला येत नाही तो काठावर राहायचा. काठावर राहणाऱ्याचं पुढे काय व्हायचं, ते मी तुम्हाला झोपायच्या आधी सांगणार नाही.

निर्झरा आपली पिल्लं घेऊन बुडीमास्तरांकडे गेली होती. नाही असं नाही. पण तिथे शेजारणीचं पिल्लू डोहातून बाहेर येत होतं. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि भोकाड पसरलेलं. निर्झरा पुढे झाली.

"मास्तर, तुम्ही त्यांना समजावून का सांगत नाही?"

"पाणी सांगतं की."

"पण ती रडतात हो!"

"रडत असतील. ओलीच असतात, कळत नाही," मास्तर म्हणाले.

निर्झराने दोन्ही पिल्लांना पोटाशी धरलं आणि ती तडक घरी आली.

वाटेत एका पायावर बगळीणबाई उभ्या होत्या. बगळीणबाई चार तळी फिरलेल्या. त्यांचे डोळे नेहमी अर्धे मिटलेले असत, त्यामुळे त्या विचार करताहेत असं सगळ्यांना वाटायचं.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या तळ्यावर आता कुणी मुलांना पाण्यात टाकत नाही. घरीच शिकवतात. हाताने करून शिकायचं. आधी संकल्पना, मग पाणी."

"मग पाणी कधी?"

"मुलाने मागितलं की."

"आणि मागितलंच नाही तर?"

"तर त्याची तयारी झालेली नाही. घाई कसली, बाई? हे वय परत येतं का?"

निर्झराचे डोळे भरून आले. इतकं गोड तिच्याशी कुणीच बोललं नव्हतं. सासूसुद्धा नाही. सासू तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरी शाळा सुरू झाली.

पहिला उपक्रम होता 'ओले दगड, कोरडे दगड'. निर्झराने नदीतून दगड आणले. पिल्लांनी ओले एकीकडे ठेवायचे, कोरडे एकीकडे. पिल्लं मन लावून बसली. पण निम्मे दगड लावून होईस्तोवर ओले दगड वाळून कोरडे झाले. लहर रडायला लागली. निर्झराने पळत जाऊन दगड भिजवून आणले. तेवढ्यात अथांग म्हणाला, "आई, हा मघाशी कोरडा होता. हा खोटं बोलतो."

असा दिवस गेला. मुलं एका उपक्रमात दिवसभर गुंततात, ह्याचं बगळीणबाईंना फार कौतुक वाटलं.

मग पाण्याची ओळख झाली. करवंटीत पाणी घेऊन त्यात एक बोट घालायचं, काढायचं, आणि काय वाटलं ते सांगायचं. अथांग म्हणाला, "ओलं." निर्झराला भरून आलं.

मग नदीचा देखावा. त्याला माशाचे खवले लागतात. भिवा दिवसभर राबून एक चांगला थोरला मासा घेऊन आला. निर्झराने त्याचे खवले काढले आणि पिल्लांनी ते बाभळीच्या डिंकाने पानावर चिकटवले. मासा बगळीणबाईंनी नेला. त्या रोज प्रगती पाहायला येत.

"उपक्रमाला लागतात ते खवले," त्या म्हणत. "मासा उगीच मध्ये मध्ये येतो."

भिवा जेवायला बसला. समोर काहीच नव्हतं.

"अगं, मी मासा आणला होता ना?"

"अहो, त्याची नदी झाली," निर्झरा म्हणाली आणि तिने भिंतीवरचं पान दाखवलं. "बघा तरी. अथांगने एकट्याने केलीय."

भिवाने बघितलं. नदी छान झाली होती. पण नदीकडे बघून पोट भरत नाही, हे त्या बिचाऱ्याला त्या आठवड्यात फार वेळा कळलं.

शेवटी खुद्द पोहणं आलं. निर्झराने गोकर्णाच्या फुलांनी वाळू निळी केली आणि ती दारात पसरली. तिच्यावर पिल्लांनी पालथं पडून हातपाय मारायचे. पिल्लांना हे अतिशय जमलं. लहर तर वाळूतून इतक्या झपाट्याने पोहायची, की एकदा थेट वारुळापर्यंत पोहून गेली आणि मुंग्या चावल्यावर आपण होऊन परत आली. दोघांच्या पोटाचे केस झिजले. प्रगती दिसत होती.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ह्या सगळ्याचं सामान कोण आणत होतं? निर्झराच. शिंपले डोहाच्या तळाचे. शेवाळ भोवऱ्यापलीकडच्या खडकाचं. चिकणमाती पलीकडच्या बेटाची, कारण इकडची भुसभुशीत होती. एरवी जी वर्षातून एकदाच, तेही पळस फुलल्यावर, डोह पार करायची, ती आता तोंडात मातीचा गोळा धरून दिवसातून दोनदोनदा डोह पार करत होती. तिच्या ते लक्षातही आलं नाही. तिला वाटे, आपण शाळेची तयारी करतोय.

आणि एके सकाळी पळस फुलला.

वस्तीत धावपळ उडाली. जो तो बेटाकडे निघाला. भिवा धापा टाकत घरी आला.

"अगं, पळस फुलला!"

"हो ना! काय सुंदर केशरी रंग निघतो त्याचा," निर्झरा म्हणाली. "सूर्यास्ताचा उपक्रम राहिलाच होता."

"पिल्लांना पोहता येतं का?"

"वाळूत येतं."

"आणि पाण्यात?"

"त्यांनी अजून मागितलं नाही."

भिवाने कपाळावर हात मारला. "मी बेटावर बीळ उकरून येतो," तो म्हणाला, "मग बघू काय करायचं ते." आणि त्याने उडी टाकली.

भिवा जेमतेम पलीकडे पोचला असेल नसेल, तेवढ्यात वाळल्या गवतातून कोल्हीण आली. मागे तिची चार पोरं. पोरं एकमेकांच्या शेपट्या चावत होती.

निर्झरा काठावर फुलं धूत होती. पिल्लं दारात निळ्या वाळूवर होती. कोल्हीण मधोमध. निर्झराच्या काळजाचं पाणी पाणी झालं.

"उचला रे," कोल्हीण पोरांना म्हणाली आणि पुढे झाली.

लहरने मान वर केली. "काकू, तुम्ही नदीवर पाय देताय."

कोल्हीण थबकली. तिने खाली बघितलं.

"ही नदी आहे," अथांगने समजावलं. "काठाकाठाने या ना."

का कोण जाणे, कोल्हीण ओशाळली. तिने पाय उचलला आणि काठाकाठाने आली. तोवर दोघंही पालथी पडून तिला पोहून दाखवू लागली. सुळ्ळकन गेली, सुळ्ळकन आली, आणि आपण होऊन तिच्या पायाशी येऊन थांबली.

"अगं बाई," कोल्हीण म्हणाली. "किती शांत आहेत हो पोरं! ताई, तुम्ही काय करता ह्यांना? आमची नुसती पळतात. दिसेल त्याच्यावर उड्या मारतात. सकाळपासून एक घोरपड मारली आणि मधमाश्यांच्या पोळ्यात तोंड घातलं."

निर्झरा हळूहळू पिल्लांकडे सरकत होती. पण बाळांनो, सवय वाईट. कुणी मुलांचं विचारलं, की तिच्याने गप्प बसवत नसे.

"तुम्ही शिकार कशी शिकवता त्यांना?" तिने विचारलं.

"शिकवायची काय? आम्ही जातो, ती मागोमाग येतात."

"म्हणजे थेट सशावर सोडता?"

"हो."

"काही समजावून न सांगता?"

कोल्हिणीचे कान पडले. "चुकतं का हो?"

"चुकतं म्हणजे," निर्झरा म्हणाली, "आधी संकल्पना, मग ससा."

आणि ती एकदम थांबली. आवाज तिचा होता, पण वाक्य तिचं नव्हतं. तिने वळून बघितलं. बगळीणबाई पाण्यात उभ्या होत्या. पोट इतकं सुटलं होतं, की एका पायावर तोल राहीना, म्हणून दोन्ही पाय टेकले होते. निर्झराच्या घरचे सगळे मासे त्या पोटात होते, आणि तिची पिल्लं कोल्हिणीच्या पायाशी.

निर्झराला तेव्हा सगळं कळलं. तिला भयंकर राग आला, बगळिणीचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. पण ती कोल्हिणीकडे वळली आणि आयुष्यात बोलली नव्हती इतक्या गोड आवाजात बोलायला लागली.

"आधी पानाचा ससा करायचा. मग त्याला कापूस चिकटवायचा. शेवरीचा घ्या, छान मऊ असतो. मग मऊ म्हणजे काय, ते मुलांनी सांगायचं."

"आणि खरा ससा कधी?"

"मुलांनी मागितला की."

"आमची आत्ताच मागताहेत," कोल्हीण म्हणाली. एका पोराची लाळ अथांगच्या डोक्यावर टपकत होती.

"ती मागणी नव्हे हो, तो उतावीळपणा. घाई कसली? हे वय परत येतं का?"

कोल्हिणीचे डोळे भरून आले.

"आजच सुरुवात करा," निर्झरा म्हणाली. "हे घ्या दगड. ओले एकीकडे, कोरडे एकीकडे."

कोल्हिणीने पोरांच्या मानगुटी धरून त्यांना बसवलं. ती कुरकुरली, मग हुंगून हुंगून दगड लावायला लागली. थोड्या वेळाने एक पोर ओरडलं, "आई, माझा ओला कोरडा झाला!" आणि त्याने गळा काढला.

"भिजवून आणते," निर्झरा म्हणाली. "दगड उचलायला माझ्या दोघांना नेते बरोबर. तुम्ही तुमच्या पोरांच्या मध्येमध्ये बोलू नका हं. लक्ष विचलित होतं."

"छे, छे," कोल्हीण कुजबुजली.

निर्झराने लहरला तोंडात धरलं, अथांगला पाठीवर घेतलं आणि डोहात उडी टाकली.

भल्याभल्यांना न जमणारं काम ते. पण भोवरा तिला शेवाळामुळे ठाऊक होता आणि पाण्याची ओढ चिकणमातीमुळे. मातीच्या गोळ्यापेक्षा लहर हलकीच होती. फक्त जास्त ओरडत होती. बेटाच्या काठावर भिवा तोंड उघडं टाकून बघत राहिला. निर्झरा बाहेर आली, थांबली नाही, भिवाशी बोललीसुद्धा नाही. ओल्या अंगाने सरळ बुडीमास्तरांसमोर जाऊन उभी राहिली.

"मास्तर," ती म्हणाली, "टाका."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. "समजावून सांगू का आधी?"

"नको," म्हणून तिने तोंड फिरवलं आणि ती हमसाहमशी रडली. ओलीच होती, कुणाला कळलं नाही.

मागे दोनदा धपकन आवाज झाला. मग किंकाळ्या. मग गटांगळ्या. मग बऱ्याच वेळाने अथांगचा आवाज आला, आनंदाने फुटलेला.

"आई! हे सगळंच ओलं आहे!"

संध्याकाळी दोघांना मासा मिळाला. खवल्यांसकट.

पुढच्या वर्षी पळस फुलला, आणि काठावरून कुणीच हललं नाही. गरजच उरली नाही. कोल्हिणीची पोरं आता दांडगी झाली होती आणि झाडाखाली बसून पानांचे ससे करत होती. तिचं बघून माळावरच्या बाकीच्या कोल्हिणींनीही पोरं घरात घेतली होती. एक खरा ससा त्यांच्यासमोर तासन्‌तास बसून राही, कारण कान नीट जमत नव्हते. थोरलं पोर मधूनच त्याच्याकडे बघे आणि पोट दाबून म्हणे, "आई, मला काहीतरी मागावंसं वाटतंय, पण काय ते आठवत नाही."

"तयारी झाली नाही अजून," कोल्हीण म्हणे.

निर्झरा दर आठवड्याला माळावर प्रगती पाहायला जायची. पैसाअडका काही घेत नसे. आणि बगळीणबाई? त्यांना पुन्हा एका पायावर उभं राहता यायला लागलं होतं.

तात्पर्य : मुलांना शिकवण्याची अतिशय उत्तम पद्धत सापडली, तर ती आपमतलबीपणाने स्वतःच्या घरात कोंडून ठेवू नये. ती आधी शत्रूच्या मुलांना द्यावी, मन लावून द्यावी, फुकट द्यावी. आणि घरी येऊन आपल्या पोरांना पाण्यात टाकावं.