बाबांच्या रायफलची खडखड

आमच्या घरात हलणारी वस्तू मी हलू देत नाही. जेवणाच्या टेबलाच्या पायाखाली कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका आहे, खिडकीच्या फटीत फ्रीगंजमधल्या माझ्या विमा ऑफिसची जुनी माहितीपत्रकं आहेत, आणि स्वयंपाकघरातला नळ गेल्या वर्षापासून माझ्या एका मोज्यामुळे गप्प आहे. माझी बायको केतकी म्हणते, हे घर सिमेंटवर नाही, तुमच्या पाचरींवर उभं आहे. ती टोमणा मारते, मी शाबासकी समजतो.

म्हणून खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बाबांची रायफल खडखडली, तेव्हा वाईट वाटायच्या आधी मला आनंदच झाला.

बाबा जंगल खात्यात रेंजर होते. ही रायफल त्यांची तरुणपणची. वरचा नळीचा भाग आणि खालचा दस्त्याचा भाग वेगळे होतात, आणि एका पिनेनं जोडले जातात. दर खंडेनवमीला बाबा तिला तेल देतात, जोडतात आणि पूजेच्या पाटावर ठेवतात. उरलेलं वर्ष ती कपाटात आणि बाबा खिडकीशी.

यंदाची पूजा मात्र शेवटची होती. बाबांच्या हातांचा कंप बघून डॉक्टरांनी लायसन्ससाठी लागणारा दाखला नाकारला होता. रायफल घरातून जाणार हे नक्की, कुठे एवढंच ठरायचं होतं. नेमबाजी शिकवणाऱ्या रजनी मॅडम दसऱ्याला ती बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडली, तर परवानगीचं सगळं त्याच बघणार आणि त्यांच्या क्लबातली मुलं हिच्यावर शिकणार. नाही पडली, तर ठाण्यात जमा, आणि मग भंगार.

"विक्रांत, ऐक," बाबा म्हणाले. रायफल त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. दोन भागांच्या मधून खडखड, खडखड असा आवाज येत होता. "ढिली झाली रे. असं खटारं कोण घेईल? भंगारातच जाणार ही."

त्यांचे डोळे भरून आले. मी न पाहिल्यासारखं केलं. आमच्याकडे पुरुषांची अशीच पद्धत आहे.

"उगाच टेन्शन घेऊ नका. आज पक्की करून देतो."

"तू नको," बाबा म्हणाले. हेही मी न ऐकल्यासारखं केलं.

रायफल रिकामीच होती, गोळ्या बाबांनी केव्हाच ठाण्यात जमा केल्या होत्या. मी ती कानाशी धरून जोरजोरात हलवली. वाजली. झालं निदान! आता दोन भागांच्या मध्ये काहीतरी नरम पण चिवट हवं होतं. पुठ्ठा चेपला, बुचाचा भुगा झाला. मग न्हाणीच्या दाराशी एक निळी रबरी चप्पल दिसली. बरीच जुनी होती, टाकायचीच असणार असं मी ठरवून टाकलं. टाचेतून सुरीनं चौकोनी तुकडा कापला, त्याचे दोन केले, एक रायफलमध्ये बसवला आणि दुसरा पुढंमागं लागेल म्हणून पाकिटात ठेवला. पिन आत जाईना, तेव्हा तिला वरवंट्यानं समजावलं.

बाबांनी रायफल हातात घेतली. आवाज बंद. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथं थरथरत राहिला. इतकं कौतुक त्यांनी माझ्या नोकरीचंही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी केतकीनं पाट मांडला. रायफल, विळी, कात्री, माझा पेचकस, माझा लॅपटॉप. हळदकुंकू झालं, झेंडू वाहिले. बाबांची बहीण कुसुमआत्या आमच्याकडेच असते. सोवळ्याची इतकी कडक की दुकानातून आलेली साखरेची पिशवीसुद्धा धुऊन घेते. तिनं रायफलवर डोकं टेकवलं, आणि मग ती न्हाणीकडे गेली.

चप्पल तिची होती.

"केतकी, माझ्या चपलेची टाच कोणी कापली ग?"

"उंदरानं खाल्ली असेल, आत्या."

"उंदीर काय पट्टी लावून खातो? बघ, कशी चौकोनी कापलीय. ही करणी आहे, करणी. घरातलं शस्त्र बाहेर देऊ नका, मी पहिल्यापासून सांगून राहिले."

या वेळी मी बोलायला हवं होतं. पण बोलणार काय? न्हाणीतली चप्पल पूजेच्या पाटावर, वर हळदकुंकू, आणि त्यावर खुद्द आत्याचं डोकं. बरं, गुपचूप काढून टाकावी तर पूजेतलं शस्त्र दसऱ्याला फुलं उतरवेपर्यंत हलवायचं नाही, हा आमच्या घरचा नियम.

दुपारी आत्यानं राम घाटावरून यज्ञेश्वर गुरुजींना बोलावून घेतलं. त्यांनी चप्पल लांबूनच पाहिली.

"घरावर कुणाचा तरी डोळा आहे," ते म्हणाले. "कापलेला तुकडा अजून त्याच्याच जवळ असणार."

पाकीट माझ्या मांडीला टोचू लागलं. गुरुजींनी शांती केली, आणि कर्त्या पुरुषानं उद्या दुपारपर्यंत उपाशी राहायचं ठरलं. एरवी या घरात कर्ता पुरुष कोण यावर वाद असतो. त्या दिवशी सगळ्यांनी एकमतानं माझ्याकडे बोट दाखवलं.

उपाशी मी राहिलो असतो. पण बाबाही जेवले नाहीत. "तिला जायचं नाहीये," खिडकीशी बसून ते म्हणाले, "म्हणून हे सगळं चाललंय." ते ऐकून मला स्वतःची फार लाज वाटली, आणि तरी मी पाकीट फक्त दुसऱ्या खिशात सरकवलं.

दसऱ्याला सकाळीच रजनी मॅडम आल्या. फुलं उतरवली. मॅडमनी रायफल घेऊन पिन दाबली. निघेना.

"काका, ही तर जाम आहे. आतून जंग लागला असेल तर मुश्किल आहे. मी नाही घेऊ शकणार."

"जंग? माझी रायफल गंजेल?" बाबांचा चेहरा एकदम पडला.

"मी बघतो," म्हणत मी पुढं झालो आणि पिनेवर पेचकस ठेवून जोरात ठोकलं. दोन्ही भाग सुटले, निळा तुकडा उडाला आणि आत्याच्या पुढ्यातल्या आपट्याच्या पानांच्या ताटात पडला. आत्यानं तो उचलला, उलटापालटा केला, मग माझ्याकडे पाहिलं.

"विक्रांत, मी काल कशावर डोकं टेकवलं रे?"

मॅडमनी तेवढ्यात नळीत डोकावून पाहिलं आणि दोन्ही भाग तुकड्याशिवायच पुन्हा जोडले.

"जंग वगैरे काही नाही. जोडावर थोडा ढिलेपणा आहे, पण तेवढा चलता है, काका." त्यांनी रायफल खांद्याला लावली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. कसलाही आवाज नाही. "फर्स्ट क्लास ठेवलीय तुम्ही. मुलं खूश होतील. मी नेते हिला."

"पण ती वाजते ना," बाबा म्हणाले.

"कुठे वाजते?"

"आणा इकडे."

रायफल बाबांच्या हातात आली आणि वाजू लागली. खडखड, खडखड. मॅडमनी हळूच खालून हाताचा आधार दिला. आवाज थांबला. त्यांनी हात काढला. पुन्हा सुरू झाला.

आत्यासुद्धा चप्पल विसरली. बाबा आता रायफलकडे बघत नव्हते, स्वतःच्या हातांकडे बघत होते.

"ती ठीक आहे," ते म्हणाले आणि त्यांनी रायफल मॅडमना देऊन टाकली. मग रिकामे हात माझ्यापुढं धरले. आवाजात राग नव्हता. "यांच्यासाठी आहे का रे काही तुझ्याकडे?"

पाकिटात चपलेचा दुसरा तुकडा होता. मी तो काढला नाही. बाबांचे दोन्ही हात माझ्या हातांत घट्ट धरले आणि ते थांबायची वाट बघत बसलो. थोड्या वेळानं लक्षात आलं की माझेही हलतायत. कालपासून पोटात काही नव्हतं, त्यानं असेल.