रोंपलांसांचा सरदार

मी चाळीस वर्षं घरं गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त केलेत. विझलेलं पेटवायचं हाच धंदा. आमच्या मोंब्रेय गावात एक घर असं नाही जिथे मी ऐन जानेवारीत देवासारखा धावून गेलो नाही. तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत माझं आडनाव विझणार, आणि मी, ऑक्ताव रोंपलांस, हातावर हात ठेवून बसणार? छे, नावच नको!

रोंपलांस म्हणजे भाला मोडणारा. अख्ख्या फ्रान्समध्ये आम्ही फक्त सतरा जण. माझी एकुलती एक लेक लुदिवीन पोटुशी, आणि तिने जोडीदार निवडला तो ड्युरां. आमच्या देशात डोळे मिटून दगड भिरकावला तर तो ड्युरांलाच लागतो, आणि बोंबलत धावून येतो तो शेजारचा ड्युरां!

आता आमच्याकडे बाळाला आईचंही आडनाव लावता येतं. दोघांनी मिळून एका कागदावर सह्या करायच्या, झालं. मी जावयाला सरळच विचारलं.

"माझी काही हरकत नाही," बास्तियां म्हणाला. "माझ्या वर्गात चार ड्युरां होते. मास्तर मला ड्युरां-तीन म्हणायचे."

"मग ठरलं!"

"थांब बाबा," लुदिवीन म्हणाली. "हे नाव आलं कुठून ते आधी शोधून काढ. बाळाने उद्या विचारलं तर सांगायला काहीतरी हवं ना. गोष्ट मनाला पटली, तर देईन."

बाळ जूनमध्ये येणार होतं. फेब्रुवारीतच मी डबा घेऊन जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जाऊन बसलो. तीन दिवस जुनी बाडं उपसली. शिंका देऊन देऊन बरगड्या दुखायला लागल्या, पण हटलो नाही. चौथ्या दिवशी मूळपुरुष सापडला.

सन १८१४, नोव्हेंबर. अनाथालयाच्या दारात पहाटे टोपलीत एक मुलगा सापडला. वय अंदाजे दोन दिवस. अंगावर निळं फडकं, गळ्यात दोऱ्याने बांधलेला पत्त्याचा अर्धा तुकडा, किलवरचा राजा. नाव ठेवलं, बार्तेलेमी रोंपलांस.

बस, एवढंच. वरच्या नोंदीतल्या बाळाला कारकुनाने ढाल अशा अर्थाचं आडनाव दिलं होतं, खालच्याला शिरस्त्राण. आडनावं सुचेनाशी झाली तेव्हा हा गृहस्थ त्या आठवड्यात थेट शस्त्रागारात शिरला होता! कसला भाला नि कसलं काय.

मी बाड मिटलं. माझे कान लाल झाले होते. आमच्या मोर्व्हांच्या डोंगरात पूर्वी अशी अनाथ पोरं सांभाळायला आणायचे, गावातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांना दूध पाजलंय. आणि शाळेत आम्ही त्यांना 'टोपलीतले' म्हणून चिडवायचो. सगळ्यात जोरात कोण चिडवायचं, हे तुम्हाला सांगायला नको. आता मीच टोपलीतला? छे, छे! हे कोणाला कळता कामा नये.

घरी पोचलो तर लुदिवीन आणि माझी बायको सोलांज वाटच बघत होत्या.

"सापडला," मी म्हणालो. "सरदार एमेरी रोंपलांस. ड्यूकचा अंगरक्षक. शत्रूचा भाला त्याने गुडघ्यावर मोडला."

"गुडघ्यावर?" सोलांजने विचारलं.

"गुडघ्यावर."

"मग गुडघेदुखी तुला त्याच्याकडूनच आली असणार."

लुदिवीन नुसतीच "हं" म्हणाली. मग म्हणाली, "कागद बघू."

"कागद बाहेर देत नाहीत," मी म्हणालो.

तिला काही पटलेलं दिसेना. पण मी काय हार मानणारा माणूस आहे? आमच्याकडे एका रक्ताच्या सगळ्यांना गोळा करून एक दिवस जेवायला घालायची पद्धत आहे. मी उरलेल्या रोंपलांसांना पत्रं धाडली: मूळपुरुषाच्या सन्मानार्थ मे महिन्यात मोंब्रेयच्या सभागृहात जमावे. सगळ्यांचे होकार आले. लीलहून चौऱ्याऐंशी वर्षांच्या युगेतताईचं चार पानी उत्तर आलं. 'शेवटी कोणीतरी त्याची आठवण काढली! मी रडले हो. ती खूण छातीवर लावून आम्ही सगळे येऊ.' मी म्हटलं, बिल्ले असतील.

मग गाडी उतारावरून सुटली. बातमी छापून आली. आमच्या मेयरबाईंनी सार्वजनिक धुण्याच्या जुन्या हौदावर सरदाराच्या नावाची संगमरवरी पाटी बसवायची ठरवली. खाटकाने दीड मीटर लांबीचा सॉसेज भरला, भाल्याच्या आकाराचा. आणि बेकरीवाली म्हणाली, "ऑक्ताव, वंशज म्हणून तुम्ही चिलखत घालायला पाहिजे." मला काय तेवढंच हवं होतं! जुन्या बॉयलरचा पत्रा कापून मी छातीपासून मांड्यांपर्यंत चिलखत ठोकलं. दिसायला झकास. बसता मात्र येत नव्हतं.

"हे जरा जास्त होतंय," सोलांज म्हणाली.

"बाळाच्या नावाचा प्रश्न आहे!" मी म्हणालो आणि पोटावरचे रिव्हेट पक्के केले.

तो रविवार उजाडला. हौदापाशी टेबलं मांडली होती, पांढरी वाइन ओतून ठेवली होती, गाव झाडून जमलं होतं. रोंपलांस मंडळी बसमधून उतरली. प्रत्येकाच्या छातीवर टाचणीने लावलेला पत्त्याचा अर्धा तुकडा. किलवरचा राजा!

माझ्या चिलखताच्या आत घामाची धार लागली.

"हे काय लावलंय सगळ्यांनी?" मेयरबाईंनी विचारलं.

"जेवणानंतर पत्त्यांचा डाव आहे," मी ठोकून दिलं.

तेवढ्यात युगेतताई काठी टेकत पुढे आली. माझ्या गळ्यात पडायला गेली, तर पत्र्यावर तिचं कपाळ आपटलं. पण बाई खंबीर. पेला उचलून तिने बोलायला सुरुवात केली. "मोंब्रेयच्या लोकांनो, आमचा बार्तेलेमी दोन दिवसांचा होता. त्याच्या आईने पत्ता फाडून अर्धा त्याच्या गळ्यात बांधला नि अर्धा स्वतःजवळ ठेवला, परत आली तर ओळख पटावी म्हणून. ती आली नाही. तुमच्या या डोंगरातल्या एका बाईने त्याला पाजलं. तो जगला, सुतार झाला, सात पोरांचा बाप झाला. आमच्या लीलकडच्या सगळ्या घरांत ही गोष्ट मुलांना सगळ्यात आधी सांगतात. आज तुम्ही त्याच्या नावाची पाटी लावताय."

आणि मेयरबाईंनी, त्या बिचाऱ्यांचा काय दोष, पडद्याची दोरी ओढली.

युगेतताईने चष्मा लावून पाटी वाचली. मग माझ्या चिलखताकडे बघितलं. "ऑक्ताव, हा एमेरी कोण?"

"तो... बार्तेलेमीच्या आधीचा."

"त्याच्या आधी कोणी नाही रे," ती शांतपणे म्हणाली. "म्हणून तर आपण सतराच आहोत."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. लुदिवीन पोट सावरत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तुला हे ठाऊक होतं?"

मला पळता येत नव्हतं, बसताही येत नव्हतं. "फेब्रुवारीपासून," मी म्हणालो.

तिने पाठ फिरवली. दुपारभर ती युगेतताईच्या शेजारी बसून ऐकत होती, मधूनच डोळे पुसत होती. मी उभ्या उभ्या सॉसेज खाल्ला. संध्याकाळी गाडीत बसताना ती म्हणाली, "तू ही गोष्ट सांगितली असतीस, तर त्याच दिवशी सही केली असती मी. पण ज्याची तुलाच लाज वाटली, ते मी माझ्या बाळाच्या गळ्यात कसं बांधू?"

पोरीचं बरोबर होतं. त्या रात्री चिलखत काढायला पत्रा कापायची कात्री लागली, आणि मला रडू आलं ते काही त्या कात्रीमुळे नाही.

जूनमध्ये नात झाली. कपुसीन ड्युरां. पहिल्या मुलाला जे आडनाव लावलं, तेच पुढच्या भावंडांनाही लावावं लागतं, असा आमच्याकडे कायदा आहे. मी कचेरीत तीनदा जाऊन खात्री केली. आता मला लांबून येताना बघितलं की तिथली बाई खिडकी लावून घेते.

पण मी स्वस्थ बसणारा माणूस नाही. नातीला सांगायला काहीतरी हवं ना? पुन्हा डबा घेतला आणि दप्तरखान्यात जाऊन ड्युरां शोधला. या वेळी जे सापडलं, ते घरी येऊन जसंच्या तसं सोलांजला वाचून दाखवलं. ड्युरां, फार जुनं नाव, देशभर पसरलेलं. अर्थ: टिकून राहणारा, चिवट, काही केल्या माघार न घेणारा हट्टी माणूस.

सोलांजने विणकाम खाली ठेवलं.

"म्हणजे चाळीस वर्षं," ती म्हणाली, "मी एका ड्युरांबरोबरच संसार केला म्हणायचा."